पाण्यातून जाणारा रस्ता

रोमहून दक्षिणेला निघालेला अप्पियाचा रस्ता ब्रिंडिसीच्या बंदरावर संपतो, असं पुस्तकं सांगतात. इ.स.पू. ३१२ मध्ये अप्पियस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्याने तो बांधायला घेतला आणि पुढच्या पिढ्यांनी तो इटलीच्या टाचेपर्यंत नेला. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून तो समुद्राशी येतो. तिथे रुंद पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या माथ्यावर एक उंच संगमरवरी स्तंभ. पूर्वी दोन होते. १५२८ साली एक कोसळला. त्याचे तुकडे पुढे लेच्चे शहराने नेले आणि त्यांवर आपल्या संताचा पुतळा उभा केला. उरलेल्या स्तंभापाशी उभं राहिलं की समोर बंदराचं पाणी दिसतं, आणि रस्ता इथे संपला हे मन सहज मान्य करतं.

पण पाण्यापलीकडे, आजच्या आल्बेनियातल्या दुर्रेसपासून, एग्नातियाचा रस्ता सुरू होत असे. तो डोंगर ओलांडून थेसालोनिकीला जाई आणि तिथून पुढे बायझँटियमला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. रोमहून पूर्वेकडे निघालेल्या सैनिकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या हिशेबी ही एकच वाट होती. तिचा मधला तुकडा तेवढा पाण्याचा होता. मी समुद्राकडे आजवर जमीन जिथे थांबते ती जागा म्हणून पाहत आले. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे रस्ता म्हणून पाहत आली आहेत. त्यांचं पाहणं किती खरं आहे, हे आमची गाडी बोटीच्या पोटात चढली त्या रात्री मला उमगलं.

आम्ही आठजण होतो. म्युनिकला राहणारे मुलगा आणि सून, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, सुनेचे आईवडील, माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि मी. गाडी नऊ आसनांची, कारण युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासकट नऊजणांपर्यंतचीच गाडी चालवता येते. नववं आसन सामानाचं. व्याह्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. पुढच्या सीटवर बसून ते गाडीचा प्रत्येक आवाज ऐकत. "जावईबापू, डाव्या मागच्या चाकात हवा कमी वाटतेय," असं ते म्हणाले की मुलगा मुकाट्याने पुढच्या पंपावर थांबे, आणि हवा खरंच कमी निघे. विहीणबाईंकडे खाण्याची पिशवी होती. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. मेहुण्यांकडे टोलच्या पावत्या आणि हिशेबाची वही.

ऑस्ट्रिया कधी आला आणि गेला ते कळलंही नाही. ब्रेनरची खिंड ओलांडली, उतार लागला, द्राक्षमळे आले. बोलोन्यापाशी ए-१४ हा महामार्ग धरला. तो एड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेने सरळ खाली दक्षिणेला जातो. डावीकडे समुद्र, उजवीकडे टेकड्या, मधूनमधून बोगदे. गाडीतल्या माणसांना एक शिस्त आपोआप लागते. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले; मागच्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते, आणि ती किती वेळ वळवणार? त्यामुळे गाडीतलं बोलणं खिडकीबाहेरच्या गोष्टींचं होतं. ते बघा सूर्यफुलांचं शेत. ते बघा समुद्रात खांबांवर उभारलेलं मासेमारीचं लाकडी मचाण. मनातलं काही कुणी काढत नाही. ते पुढे निघालं, पण त्याला बोट यावी लागली.

सांग्रो नदीजवळ आम्ही महामार्ग सोडला. हे थांबणं माझ्या बहिणीच्या यजमानांनी मागून घेतलं होतं. त्यांचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत असणारं. तोरिनो दि सांग्रो या गावाच्या टेकड्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धातली दफनभूमी आहे. ऑलिव्हच्या झाडांमध्ये उतारावर रांगांनी लावलेल्या पांढऱ्या शिळा, २,६०० हून अधिक. आणि तिथेच, ज्यांचे देह मातीत न जाता अग्नीला दिले गेले अशा भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक. त्यावर ५०० हून अधिक नावं.

आठवी भारतीय डिव्हिजन १९४३ च्या सप्टेंबरात तारांतोच्या बंदरात उतरली आणि आम्ही ज्या किनाऱ्याने खाली येत होतो त्याच किनाऱ्याने वर चढत गेली. नोव्हेंबरात सांग्रोला पूर आलेला, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि पलीकडच्या कड्यावर जर्मन तोफा. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांनी ही नदी अंगावर घेतली, तेव्हा तिचं नाव त्यांनी त्याआधी कधी ऐकलंही नसेल. पुढच्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, याच देशात तिबर नदीच्या खोऱ्यात माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि मोंतोने या इटालियन गावात २०२३ पासून त्यांच्या नावाचं एक सूर्यघड्याळ आहे. ते नाव आपल्याला निदान ठाऊक असतं. सांग्रोच्या स्मारकावरची नावं कुणाला ठाऊक आहेत?

मेहुणे ती वाचायला लागले. नावं रोमन लिपीत, पलटणीच्या कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिलेली. मेहुणे एकेका नावावर थांबत आणि गावात जशी हाक मारली असती तशी ती म्हणत. दगडावरचं अवघडलेलं स्पेलिंग त्यांच्या तोंडून सुटं होऊन बाहेर पडत होतं. नातू त्यांचं बोट धरून उभा होता. मराठी तो बोलतो, पण घरातली. अशी नावं त्याने ऐकली नव्हती. विहीणबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पिशवीतला गूळ काढून स्मारकाच्या पायाशी ठेवला. मला त्या क्षणी हसू किंवा संकोच काहीच आलं नाही. तेच करणं योग्य होतं.

ही माणसंसुद्धा बोटीने आली, मग गाड्यांनी आणि पायी. वाट तीच. आम्ही हौसेने आलो होतो आणि त्यांना पाठवलं होतं, एवढा एकच फरक. पण तो फार मोठा आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

आम्ही ब्रिंडिसीला पोचलो. इथे येणाऱ्या प्रत्येक टोळीला एक फार जुना पूर्वज आहे. होरेस हा रोमन कवी इ.स.पू. ३७ च्या सुमारास रोमहून ब्रिंडिसीला गेला. वाटेत आधी मुत्सद्दी मायसेनस आणि मग सिनुएसाला कवी व्हर्जिल आणि आणखी मित्र येऊन मिळाले. काम राजकारणाचं, रोमचे दोन सत्ताधीश ऑक्टेव्हियन आणि अँटनी यांच्यातला बेबनाव मिटवण्याचं. पण त्या प्रवासावर होरेसने जी कविता लिहिली तिच्यात राजकारण जवळजवळ नाही. तिच्यात खराब पाणी आहे, बिघडलेलं पोट आहे, कानुसियमची कचकच लागणारी भाकरी आहे, पावसाने खचलेला रस्ता आहे. आणि मित्र भेटल्याचा निर्भेळ आनंद आहे: शहाणपण शाबूत असेल तोवर चांगल्या मित्राहून मोठं काही मी मानणार नाही, अशा अर्थाचं तो म्हणतो. त्या वाटेचाही एक तुकडा पाण्याचा होता. पोंतिनोच्या दलदलीतून खेचराने ओढलेल्या नावेत त्यांनी रात्र काढली. डास, बेडूक, गाणी म्हणणारा नावाडी. आणि पहाटे कळलं की नावाड्याने खेचर सोडून चरायला लावलं आणि तो स्वतः झोपला, नाव जागची हललेलीच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचताना मला रोमन साम्राज्य दिसत नाही. एकमेकांना सांभाळून घेत चाललेली पाच-सहा माणसं दिसतात.

व्हर्जिलने याच बंदरात इ.स.पू. १९ मध्ये, ग्रीसहून परतताना, प्राण सोडला. आणि आपल्याकडचा धागा तर अगदी अलीकडचा आहे. १८७० पासून विलायतेची हिंदुस्थानकडे येणारी टपाल रेल्वेने सगळा युरोप ओलांडून ब्रिंडिसीला येई आणि इथून आगबोटीवर चढे. गोलमेज परिषद आटोपून परतताना गांधीजी १४ डिसेंबर १९३१ ला इथूनच 'पिल्स्ना' बोटीवर चढले आणि २८ तारखेला मुंबईला उतरले. पायऱ्यांवर बसून हे मी सांगितलं तेव्हा व्याही बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "म्हणजे ही मुंबईचीच वाट झाली की," ते म्हणाले.

ग्रीसला जाणाऱ्या फेऱ्या आता शहराबाहेरच्या धक्क्यावरून सुटतात. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट घडते ती ताटातुटीची. गाडी आत घ्यायला चालक एकटाच जातो. बाकीच्यांनी उतरून पायी, वेगळ्या जिन्याने बोटीवर चढायचं. मुलगा गाडीसह ट्रकांच्या रांगेत दिसेनासा झाला आणि आम्ही सातजण हातात पिशव्या घेऊन उभे राहिलो. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत आपण गाडीतच बसून राहतो, काचेतून खाडी बघतो, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. इथे तसं नाही. बोट धक्क्याला पाठ लावून उभी असते, मागचा जबडा उघडा, आणि आत मजल्यांवर मजले. ट्रकवाले तो प्रचंड ट्रेलर उलटा घालतात, खलाशी शिट्ट्या मारून, हात नाचवून त्याला इंचाइंचाने मागे घेतात, म्हणजे उतरताना नाक दाराकडे असेल. मग साखळ्या. प्रत्येक ट्रक डेकवरच्या कड्यांना साखळदंडांनी ताणून बांधतात. भाजी-फळांच्या वातानुकूलित ट्रकांना बोटीची वीज जोडतात, नाहीतर माल रात्रीत सडायचा. छोट्या गाड्यांना गिअरमध्ये टाकायचं, हँडब्रेक ओढायचा, चोरघंटा बंद करायची, कारण बोटीच्या थरथरीने ती रात्रभर वाजत राहते. मुलाने वर येऊन हे सगळं सासऱ्यांना रीतसर सांगितलं. त्यांनी साखळ्यांच्या कड्या किती जाड होत्या ते तीनदा विचारलं.

बोट हलली, आणि आमच्यात काहीतरी सैल झालं. कुणाला गाडी चालवायची नव्हती, रस्ता शोधायचा नव्हता, पुढचा पंप कुठे हे बघायचं नव्हतं. आम्ही जेवणघरात एका गोल टेबलाभोवती बसलो. प्रवास सुरू झाल्यापासून आठीजण एकमेकांच्या समोर प्रथमच. टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची थाळी आली, ती विहीणबाईंनी चटणीबरोबर सगळ्यांना वाढली. आणि मग, काही न ठरवता, सून बोलायला लागली. भारतात परत यायचं की नाही, हा प्रश्न त्या दोघांत वर्षभर घोळत होता. गाडीत ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. आता ती बोलली, वडिलांकडे बघत. वडील ऐकत राहिले. मुलगा मधे पडला नाही. कुणी उठून जाऊ शकत नव्हतं, आणि कुणाला जायचंही नव्हतं. निर्णय झाला नाही. निर्णयाची ती जागा नव्हती. पण तो प्रश्न त्या रात्रीपासून दोघांचा न राहता आठांचा झाला. प्रवासाने माणसं जवळ येतात असं आपण सरसकट म्हणतो. मला वाटतं, नुसत्या धावण्याने ती जवळ येत नाहीत. त्यांना एकत्र अडकावं लागतं, आणि त्या अडकण्यात कुणाचाही दोष नसावा लागतो.

रात्री झोप येईना म्हणून मी आणि व्याही डेकवर गेलो. तिथे ट्रकचालक होते. त्यांचं जेवण वेगळ्या दालनात असतं, पण सिगारेटला ते बाहेर येतात. बल्गेरियन, रुमानियन, ग्रीक, तुर्की. व्याह्यांना शब्दांची अडचण कधीच वाटत नाही. त्यांनी एकाला हाताने टायर काढून दाखवला, बोटांनी किती चाकं ते विचारलं. त्याने सांगितलं, फोनवर आपल्या ट्रकचा फोटो दाखवला, मग बायकोचा, मग दोन मुलींचा. व्याह्यांनी नातवाचा दाखवला. दोघे बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते.

या माणसांशिवाय ही बोट सुटणारच नाही. आम्ही प्रवासी तिच्यावरचा हलका माल. तिचं पोट त्यांच्या ट्रकांनी भरतं. आणि धोकाही त्यांचाच. १८ फेब्रुवारी २०२२ ला याच मार्गावर, ग्रीसमधल्या इगुमेनित्साहून ब्रिंडिसीला येणाऱ्या फेरीच्या वाहनतळाला कोर्फूजवळ आग लागली. अकरा ट्रकचालक त्यात गेले. गर्दीच्या केबिनपेक्षा आपल्या ट्रकात झोपणं काही चालकांना बरं वाटतं, हे तेव्हा जगासमोर आलं. प्रवासात कुणालाही वाहनतळावर थांबू द्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो जीव वाचवण्यासाठीच आहे. पण थकलेल्या माणसाला पाठ टेकायला धड जागा देणं हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे. तो अर्धा पाळला गेला नाही तर पहिल्याचा उपयोग होत नाही. युरोपातल्या बाजारात संत्रं हातात घेताना ते रात्रीतून कुणी आणलं, हा विचार मला आता येतो.

पहाटे बोट कोर्फू आणि आल्बेनियाच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरली. एका बाजूला बेट, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर, मधे अंतर इतकं कमी की दोन्हीकडचे दिवे मोजता यावेत. मेहुण्यांचा फोन वाजला. त्याने परस्पर आल्बेनियाचं जाळं पकडलं होतं. याच आल्बेनियाच्या दुर्रेस बंदरात १९९१ च्या ऑगस्टमध्ये 'व्लोरा' नावाच्या, क्युबाहून साखर घेऊन आलेल्या मालवाहू बोटीवर सुमारे २०,००० माणसं चढली. डोलकाठ्यांवर, दोरांवर, जिथे हात पुरेल तिथे. ब्रिंडिसीने बोट घेतली नाही, म्हणून ती ८ ऑगस्टला बारीला लागली. बहुतेकांना काही दिवसांत परत पाठवण्यात आलं. दुर्रेस ते इटली: अप्पिया आणि एग्नातिया यांना जोडणारा तोच पाण्याचा तुकडा.

आणि हे संपलेलं नाही. इगुमेनित्साच्या बंदराला उंच कुंपणं आहेत. अफगाणिस्तानातून, सीरियातून आलेली तरुण पोरं इटलीला जाणाऱ्या ट्रकांच्या खाली लपायला बघतात, म्हणून ती कुंपणं. आम्ही उतरलो तेव्हा कुंपणापलीकडे तीन मुलगे उभे होते. एकाच्या पायात चप्पल नव्हती. आमच्या गाडीचे सगळे कागद नीट, आमच्या पारपत्रांवर शिक्के नीट; इटलीहून ग्रीसला येताना कुणी ते पाहिलेही नाहीत. विहीणबाईंनी मुलाला गाडी थांबवायला लावली आणि खाण्याची पिशवी, सगळी पिशवी, कुंपणाच्या फटीतून दिली. मुलांनी हात छातीवर ठेवला. गाडी पुढे निघाल्यावर सून म्हणाली, "आई, आता वाटेत काय खायचं?" विहीणबाई म्हणाल्या, "मिळेल."

इगुमेनित्साहून नवा एग्नातिया महामार्ग निघतो. २००९ साली पूर्ण झालेला, ६७० किलोमीटरचा, तुर्की सीमेपर्यंत जाणारा. जुन्या रोमन वाटेपेक्षा पश्चिमेला तो बराच दक्षिणेकडून सुरू होतो, पण नाव त्याने तिचंच घेतलं. पिंडस पर्वतातून तो बोगद्यामागून बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल असा जातो. पूर्वी इथे काताराच्या खिंडीतून जावं लागे आणि हिवाळ्यात बर्फाने ती बंद पडे. मेत्सोव्होला आम्ही जेवलो. पिशवी नसल्याचं कुणाला जाणवलं नाही.

थेसालोनिकीच्याही पुढे फिलिप्पीचे अवशेष आहेत. तिथे जुन्या एग्नातियाचे दगड उघडे दिसतात, चौकाच्या कडेने गेलेले. इ.स.पू. ४२ मध्ये इथे सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव झाला, आणि हरलेल्या फौजेत बावीस-तेवीस वर्षांचा होरेस होता. पाच वर्षांनी तोच होरेस जिंकणाऱ्यांच्या माणसांबरोबर ब्रिंडिसीला निघाला आणि त्याने ती कविता लिहिली. हे कळल्यावर त्या कवितेतला आनंद मला वेगळा दिसायला लागला. सगळं हरून बसलेल्या माणसाला पुन्हा कुणीतरी बरोबर घेतलं होतं.

नातू दगडांवरून धावत पुढे गेला होता. त्याने ओरडून विचारलं, हा रस्ता कुठे जातो? मुलाने सांगितलं, इस्तंबूलला. आमचे व्हिसा तिथवर पुरणारे नव्हते. मेहुण्यांनी वही काढली, शिल्लक पैसे सांगितले. सुनेने फोनवर बघून सांगितलं की जवळच्या केरामोतीहून थासोस बेटाला गाडीसकट फेरी जाते, पाऊण तासाच्या आत पोचवते, शेवटची संध्याकाळी आहे. "बांधतात का साखळ्यांनी?" व्याह्यांनी विचारलं. एवढ्या अंतराला नाही, मुलगा म्हणाला. माझी बहीण आधीच गाडीच्या दिशेने चालायला लागली होती.